जुन्या यंत्रास नवे काम

महाराष्ट्रातील घरांत एके काळी कोणतीही वस्तू सहजासहजी टाकली जात नसे. लुगडे विरले म्हणजे त्याची गोधडी शिवली जाई आणि गोधडी जीर्ण झाली म्हणजे तिचे पायपुसणे होई. तेलाच्या रिकाम्या डब्यात धान्य भरले जाई, तर फुटक्या माठात तुळशीचे रोप लावले जाई. एखाद्या वस्तूचे पहिले काम संपले म्हणून तिचे आयुष्यच संपले, असे त्या घरांतील गृहिणींना कधी वाटले नाही. वस्तूच्या अंगी उरलेले बळ ओळखावे आणि त्या बळास पेलेल असे दुसरे काम तिला द्यावे, हे संसारातील एक मोठे शहाणपण मानले जाई.

आता घरांत विजेवर चालणारी नाना प्रकारची यंत्रे आली आहेत. या यंत्रांच्या बाबतीत मात्र ते जुने शहाणपण मागे पडत चालले आहे. कित्येक घरांतील कपाटाच्या तळाशी एखादा लहानसा जुना लॅपटॉप पडून असतो. त्याचा कोणी उपयोग करीत नाही आणि त्यास कोणी टाकूनही देत नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ पुसली जाते व तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो. 'हा आता कशाच्या उपयोगाचा?' असा प्रश्न कोणी केला, तर 'कशाच्याच नाही' असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर बरोबर नाही. अशा लॅपटॉपच्या अंगी एक उत्तम काम करण्याचे बळ अजून शिल्लक असते. ते काम म्हणजे मनुष्यास पुस्तक वाचावयास देणे.

हे लहान लॅपटॉप जन्मास कसे आले, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने २००७ हे साल लक्षणीय ठरले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात तैवानमधील असूस या कंपनीने 'ई पीसी' नावाचा एक चिमुकला लॅपटॉप विक्रीस आणला. त्याचा पडदा अवघा सात इंचांचा होता आणि वजन एक किलोग्रॅमहूनही कमी होते. त्याच्या पाठोपाठ इतर कंपन्यांनीही नऊ-दहा इंची पडद्यांचे असेच स्वस्त लॅपटॉप बाजारात आणले. अशा लॅपटॉपांस 'नेटबुक' हे नाव पडले.

त्याच वर्षी 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेतून 'एक्सओ' नावाचा लहान लॅपटॉप तयार झाला. निकोलस निग्रोपाँटी हे या योजनेचे प्रवर्तक होते. एक्सओ मुद्दाम शाळेतील मुलांसाठी बनवलेला होता. त्याचा पडदा मेरी लू जेप्सेन या तंत्रज्ञ विदुषीने असा रचला होता की, भर उन्हात बसूनही त्यावरची अक्षरे स्पष्ट वाचता यावीत. बिजागरीवर पडदा फिरवून तो कळफलकावर मिटला म्हणजे त्या लॅपटॉपचे रूप पाटीसारखे होई आणि मुलास तो हातात धरून पुस्तक वाचता येई. रायगड जिल्ह्यातील खैराट या गावच्या लहानशा शाळेतील मुलांच्या हाती २००७ सालीच ही यंत्रे आली होती. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लहान लॅपटॉपचे पुस्तक करणे ही कोणाची नवी लहर नाही. त्याच्या निर्मात्यांपैकी काहींच्या मनात ती कल्पना आरंभापासूनच होती.

पुढे मोठ्या पडद्यांचे मोबाइल व टॅबलेट आले आणि नेटबुके दिसेनाशी झाली. ज्यांनी ती हौसेने घेतली होती, तेच 'हे यंत्र फार मंद झाले' अशी तक्रार करू लागले. येथे थोडा विचार केला पाहिजे. बैल म्हातारा झाला म्हणजे त्याची चाल मंदावते, हे खरे. पण लॅपटॉपचे मंद होणे पुष्कळदा तसे नसते. त्याची गणना करण्याची शक्ती पहिल्या दिवशी जेवढी होती, जवळजवळ तेवढीच आजही असते. बदललेले असते ते त्याच्यावरचे ओझे. नवनवीन संगणकप्रणाली अधिकाधिक स्मृती मागतात. इंटरनेटवरील पाने चित्रांनी आणि चलच्चित्रांनी जड झालेली असतात. पाचशे किलोंच्या गाडीस जुंपलेल्या बैलावर दोन हजार किलो लादले आणि तो थांबला, तर दोष बैलाचा म्हणता येईल काय? ओझे उतरवले की तोच बैल पुन्हा चालू लागतो.

आता वाचनाचे ओझे किती असते ते पाहू जाता मोठी मौज वाटते. पुस्तकाचे एक पान पडद्यावर उमटले की वाचक ते वाचीत असेपर्यंत यंत्रास जवळजवळ काहीच करावे लागत नाही. वाचकाने कळ दाबली म्हणजे पुढचे पान दाखवावे, एवढेच त्याचे काम. चित्रे नसलेल्या दोनशे-तीनशे पानांच्या पुस्तकाची 'ईपब' प्रकारची फाइल बहुधा एक-दोन मेगाबाइटांपेक्षा मोठी नसते. एक गिगाबाइट म्हणजे सुमारे एक हजार मेगाबाइट. म्हणजे एवढ्याशा जागेत अशी पाचशे पुस्तके सहज मावतात. ज्या यंत्रास 'निकामी' म्हणून कपाटात टाकले, त्याच्या पोटात एका शाळेच्या ग्रंथालयाएवढा संग्रह राहू शकतो.

पडद्याच्या आकाराची तक्रारही थोड्या युक्तीने दूर होते. लॅपटॉपचा पडदा आडवा असतो आणि पुस्तकाचे पान उभे असते. म्हणून पान वाचताना वारंवार वरखाली सरकवावे लागते. परंतु संगणकास आज्ञा देऊन पडद्यावरील चित्र उभे करता येते. मग लॅपटॉपही आडवा न ठेवता पुस्तकासारखा उघडून हाती धरावयाचा. एका बाजूस कळफलक येतो आणि दुसऱ्या बाजूस उभे पान येते. दहा इंची नेटबुकचा पडदा असा उभा केला म्हणजे त्याची रुंदी सुमारे तेरा सेंटिमीटर आणि उंची सुमारे बावीस सेंटिमीटर भरते. मराठी कथा-कादंबऱ्या ज्या डेमी आकारात छापल्या जातात, त्यांच्या पानाचे मापही जवळजवळ एवढेच असते.

एवढे झाले तरी हे सगळे सोयीचे गुण होत. जुन्या लॅपटॉपचा सर्वांत मोठा गुण निराळाच आहे. त्यास दुसरे फारसे काही करता येत नाही, हाच तो गुण होय. हे ऐकून कोणास आश्चर्य वाटेल. परंतु ज्याने मोबाइलवर पुस्तक वाचण्याचा प्रयत्न केला आहे, त्यास यातील मर्म तत्काळ कळेल. मोबाइलवर पुस्तकाचे पहिले पान संपते न संपते तोच कोणाचा तरी निरोप येतो. तो पाहावयास गेले की एखादे चलच्चित्र समोर येते. एकामागून दुसरे, दुसऱ्यामागून तिसरे असे करता करता अर्धा तास निघून जातो आणि कथेतील नायक बिचारा दुसऱ्या पानावर वाट पाहत उभा राहतो. मुलांचे वाचनावरील प्रेम कमी झाले, अशी तक्रार वडील माणसे करतात. खुद्द त्या वडील माणसांनाही मोबाइल हाती असता दहा पाने सलग वाचणे जड जाते, असेच पुष्कळदा आढळून येईल.

वाचन हे एकांताचे काम आहे. शेतात पाणी देताना ज्याप्रमाणे इतर चाऱ्यांची तोंडे बंद करून एकाच वाफ्याकडे पाणी वळवावे लागते, त्याप्रमाणे पुस्तक वाचताना मनाच्या इतर वाटा काही काळ बंद ठेवाव्या लागतात. इंटरनेटशी जोड तोडलेला जुना लॅपटॉप हे काम आपोआप करतो. त्यावर निरोप येत नाहीत. खेळांची त्यास ताकद नसते. आणखीही एक लाभ आहे. अनेक नेटबुकांवर 'विंडोज एक्सपी' ही संगणकप्रणाली असे. ती प्रणाली तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने ८ एप्रिल २०१४ पासून तिच्या संरक्षणाची काळजी घेणे थांबवले. अशा यंत्राने इंटरनेटवर फिरणे म्हणजे दाराला कडी न लावता गावास जाणे होय. परंतु केवळ वाचनासाठी घरी बसलेल्या यंत्रास ही भीती फारशी उरत नाही.

या विचाराविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही. कागदी पुस्तकाची सर कोणत्याही यंत्रास यावयाची नाही, असे काही जण म्हणतात. हे खुशाल मान्य करावे. ज्याच्या घरी कागदी पुस्तक आहे, त्याने तेच वाचावे. पण ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, किंवा जे पुस्तक पुष्कळ वर्षांत पुन्हा छापलेच गेले नाही, तेथे काय करावे? तेथे निवड कागदाचे पुस्तक व पडद्यावरचे पुस्तक यांत करावयाची नसते. पुस्तक असणे आणि नसणे यांत ती करावयाची असते.

दुसरा आक्षेप असा की, खास वाचनासाठी केलेली यंत्रे बाजारात मिळतात. अमेझॉन कंपनीचे 'किंडल' हे यंत्रही नोव्हेंबर २००७ मध्येच विक्रीस आले. अशा यंत्रांचा पडदा इलेक्ट्रॉनिक शाईचा असतो. त्यातील अक्षरे कागदावरच्या छापील अक्षरांप्रमाणे बाहेरच्या प्रकाशात दिसतात. एकदा वीज भरली की ते यंत्र आठवडेच्या आठवडे चालते आणि हातात अगदी हलके लागते. या सर्व बाबतींत जुना लॅपटॉप त्याच्यापुढे उणा ठरतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ते यंत्र विकत घ्यावे लागते आणि लॅपटॉप घरात आधीच पडलेला आहे. ज्याला नवे घेणे परवडते त्याने घ्यावे. ज्याला परवडत नाही त्याने तोवर वाचन थांबवून ठेवण्याचे मुळीच कारण नाही.

तिसरा आक्षेप डोळ्यांविषयीचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. लॅपटॉपचा पडदा स्वतः प्रकाश देतो. त्याकडे सतत पाहिल्याने डोळे शिणतात. म्हणून पडद्याचा प्रकाश खोलीतील प्रकाशाशी जुळेल इतकाच ठेवावा. अक्षरे मोठी करून घ्यावीत. काळोखात बसून वाचू नये. दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेरच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे. हे नियम पाळले तर पुष्कळ त्रास टळतो. आणि ते न पाळणाऱ्यास कोणत्याच पडद्यापासून सुख लाभत नाही.

यंत्र मिळाले, तरी वाचावयाचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आशादायक आहे. १९७१ साली अमेरिकेत मायकेल हार्ट या तरुणाने एका विद्यापीठाच्या संगणकावर पहिला मजकूर टंकलिखित करून ठेवला आणि 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' या विनामूल्य ग्रंथसंग्रहाचा पाया घातला. आज त्या संग्रहात सत्तर हजारांहून अधिक पुस्तके आहेत. मराठी वाचकही मागे नाही. 'बालभारती'ची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले कित्येक ग्रंथ विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुन्या ग्रंथांची पाने वाचून, शुद्ध करून ठेवीत असतात.

मात्र इंटरनेटवर दिसलेले प्रत्येक पुस्तक घ्यावयास मोकळे असते, असे समजू नये. लेखकाच्या श्रमांस कायद्याचे संरक्षण असते. भारतातील कायद्याप्रमाणे ते संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. म्हणून त्यांची पुस्तके २०११ सालापासून सर्वांना मुक्त झाली. हरिभाऊ आपटे १९१९ साली निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्याही आज मुक्त आहेत. ज्या लेखकांची पुस्तके अजून संरक्षित आहेत, ती विकत घेऊन वाचावीत किंवा ग्रंथालयातून आणावीत. चोरून मिळवलेल्या पुस्तकातून नीतीचा धडा वाचणे, हे हास्यास्पद होय.

यंत्र तयार करण्याची रीत फार अवघड नाही. परंतु ती घरातील जाणत्या माणसाच्या संमतीने व मदतीनेच करावी. आधी त्या लॅपटॉपमधील छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. नंतर जुनी, जड संगणकप्रणाली काढून त्या जागी 'लिनक्स'ची एखादी हलकी आवृत्ती बसवावी. ती विनामूल्य मिळते. तिच्यावर 'एफबीरीडर'सारखी एखादी साधी वाचनप्रणाली घालावी. देवनागरी अक्षरांचा संच त्यात आहे की नाही हे अवश्य पाहावे. नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. पुस्तके दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हने आणावीत. शक्य तेथे 'ईपब' प्रकारचे पुस्तक घ्यावे, कारण त्यातील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली रचना बदलून घेतो. 'पीडीएफ'चे पान मात्र जसे छापले तसेच राहते. वाचताना लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये. त्याच्या पोटाशी असलेल्या झरोक्यांतून हवा खेळावी लागते. ती कोंडली तर तो तापतो. लाकडी पाटावर किंवा मेजावर तो ठेवावा.

प्रत्येक जुने यंत्र असे वाचवता येईल, असे मात्र नाही. बॅटरी फुगलेली असेल, तर ते यंत्र मुळीच सुरू करू नये आणि बॅटरी मुलांनी हाताळूही नये. तिला आग लागण्याचा संभव असतो. असे यंत्र भंगारवाल्यास न देता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोचवावे. बॅटरी केवळ दुबळी झाली असेल आणि ती काढता येत असेल, तर पुष्कळशी नेटबुके बॅटरीवाचून, चार्जर लावूनही चालतात.

या प्रश्नाची एक सामाजिक बाजूही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील कितीतरी यंत्रे उकिरड्यावर जातात किंवा उघड्यावर जाळली जातात. त्यांतील शिसे, पारा यांसारखी विषारी द्रव्ये माती व पाणी नासवतात आणि ती यंत्रे फोडणाऱ्या गरीब मजुरांच्या शरीरात शिरतात. भारत सरकारने या कचऱ्याविषयी नवे नियम केले असून ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. नियम आवश्यक आहेतच. परंतु ज्या वस्तूचे आयुष्य चार वर्षांनी वाढले, ती चार वर्षे उशिरा कचऱ्यात जाते, हा हिशेब प्रत्येक घरास आपल्यापुरता करता येण्याजोगा आहे.

एखाद्या गावातील पाच-सहा घरांनी आपल्या कपाटांतले जुने लॅपटॉप शाळेस दिले, तर काय होईल? शिक्षकांच्या देखरेखीखाली ते साफ होतील. त्यांत कथा, चरित्रे, प्रवासवर्णने, शास्त्रीय माहितीची पुस्तके भरली जातील. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात ती यंत्रे मांडली जातील आणि ज्यांच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नाही, अशी मुले मधल्या सुट्टीत तेथे येऊन बसतील. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एका जाणत्या माणसाची दोन-चार रविवारांची मेहनत आणि गावकऱ्यांची थोडी उदारबुद्धी एवढे पुरते.

वस्तूची किंमत ती किती नवी आहे यावर ठरवण्याची सवय आजकाल सर्वांनाच लागली आहे. नव्या मोबाइलच्या जाहिराती रोज कानांवर आदळत असताना ती सवय मोडणे सोपे नाही. परंतु जो विद्यार्थी एका धूळ खात पडलेल्या यंत्रातून दहा चांगली पुस्तके वाचून काढील, त्यास वस्तूचे खरे मोल तिच्याकडून घेतलेल्या कामावर ठरते, हे वेगळे शिकवावे लागणार नाही. लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आजीला ही गोष्ट ठाऊक होती. तिने पाठीवर टाकलेली मायेची ऊब नातवंडे विसरली नसतील, तर कपाटातील त्या लहानग्या लॅपटॉपलाही त्यांनी एक संधी अवश्य द्यावी.